व्याह्यांची हरभऱ्याची उसळ

सिंधुबाईंचं पोट दुखायला लागलं तेव्हा जळकोटात त्याचं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. फक्त प्रत्येकाचं वेगळं होतं. शेजारीण म्हणाली उष्णता. नवरा मलप्पा म्हणाला कालची भजी. जाऊ म्हणाली बेंबी सरकली, आणि बेंबी बसवणाऱ्या म्हातारीला बोलावून तिनं तेल लावून पोट चोळूनही घेतलं. खरं कारण आत उजवीकडं सुजून बसलं होतं, आणि ते फुटल्यावरच सगळे लातूरच्या दवाखान्यात पोचले.

"अपेंडिक्स होतं," डॉक्टर म्हणाले. "दुखायला लागल्या लागल्या आला असता तर दुर्बिणीनं, बारक्या भोकांतून काढलं असतं. चोळायचं कशाला? आता पू सगळीकडं पसरला. पोट उघडून धुवावं लागलं."

आता सिंधुबाईंच्या पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके होते, हाताला सलाईन होतं आणि तोंडाला कुलूप होतं. पाणीसुद्धा नाही. पोटात हात घातला की आतडी रुसून झोपतात म्हणे. ती जागी झाली, चालायला लागली, याची खूण एकच: वारा सरायला पाहिजे. तोवर काही खायचं नाही आणि घरचं नावही काढायचं नाही.

घरी तर रविवारी साखरपुडा होता. एकुलत्या एका रुद्रेशचा, देगलूरकडच्या ऋतुजाशी. सिंधुबाईंच्या स्वतःच्या साखरपुड्याला सासूबाई तापानं पडल्या होत्या आणि ओटी भरली होती ती शेजारच्या एका बाईनं, तीही घाईघाईत, नारळ विसरून. ते सिंधुबाईंच्या मनातून कधी गेलं नाही. सुनेची ओटी आपल्या हातानं भरायची, हे रुद्रेश पाळण्यात होता तेव्हापासून ठरलेलं.

शेजारच्या खाटेवर मुदखेडच्या नागुबाई होत्या, लेकीकडं लातूरला आलेल्या. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले होते. महिनोन् महिने त्यांनी हुलग्याचं कढण पिलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की कढण लोक मुतखड्यासाठी पितात, पित्ताशयाकडं त्याची वाटच जात नाही. खडे पिशवीसकट काढावे लागतात. दुर्बिणीनं काढले, आणि नागुबाई त्याच संध्याकाळी चहा पिऊन मोकळ्या. खडे एका बाटलीत मिळाले होते. येईल त्या पाहुण्यासमोर त्या ती बाटली खुळखुळ्यासारखी वाजवत.

"माझं बघा कसं चटकन झालं," नागुबाई म्हणायच्या. "तुमचं आतडं लई मानी दिसतंय, बाई."

बुधवारी दुपारी होणारे व्याही गुरुबसप्पा भेटायला आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर भस्म, हातात डबा. सिंधुबाईंची धांदल उडाली. अंगात दवाखान्याचा झगा; व्याह्यांसमोर डोक्यावर घ्यायला पदर कुठला? त्यांनी उशाचा टॉवेल ओढून डोक्यावर घेतला.

"शरणार्थ, अक्का. झोपून राहा. उठू नका." गुरुबसप्पांनी डबा खाटेखाली ठेवला. "घरून हुग्गी पाठवलीया. आज न्हाई, डॉक्टर म्हणतील तवा खा."

गव्हाच्या खिरीचा, गुळाचा, तुपाचा वास खाटेखालून वर आला. सिंधुबाईंनी डोळे मिटले. तो वासच त्या आतड्यापर्यंत पोचला असावा. पोटात काहीतरी गुडगुडलं, वळलं, सरकलं. सिंधुबाईंनी दात आवळले, टॉवेल आवळला, जे जे आवळता येतं ते सगळं आवळलं. पण रुसवा सोडून उठलेलं आतडं कुणाचं ऐकतंय? लांबलचक, तुतारीसारखा वारा सरला.

 मलप्पा वर पंख्याकडं बघायला लागले. नागुबाईंच्या बाटलीतले खडेसुद्धा गप्प.

सिंधुबाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता परत भूल द्यावी कुणीतरी.

गुरुबसप्पा खाकरले. "माफ करा हं. सकाळी हरभऱ्याची उसळ जरा जास्तच झाली."

सिंधुबाईंनी टॉवेलाआडून त्यांच्याकडं बघितलं. चेहरा गंभीर, मान ताठ. आपली सून ह्यांच्या घरात वाढली, म्हणजे पोर सोन्यासारखीच असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात डॉक्टर आले. "काय आजी, गॅस पास झाला का?"

सगळे सिंधुबाईंकडं बघायला लागले.

"न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. कपाळाला आठी पडली. "एव्हाना व्हायला पाहिजे होता. मग उद्या पोटाचा फोटो काढू. नाकातून नळी घालावी लागेल कदाचित. आणि रविवारचा कार्यक्रम पुढं ढकला."

मलप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं एका छपराखाली झोपलेला माणूस. आवाज कुणाचा हे त्यांना बरोबर कळलं होतं. पण बोलावं तर व्याही खोटे पडतात. गुरुबसप्पा खाली बघून म्हणाले, "ढकलू की. अक्कांच्या जिवापरीस का मोठं हाय? पण मग पुढं मुहूर्त न्हाई, दिवाळीनंतरच बघावं लागतंय."

स्वतःच्या अंगावर घेतलेलं परत कसं द्यायचं, हे त्यांनाही सुचत नव्हतं.

सिंधुबाईंना ती शेजारची बाई दिसली. विसरलेला नारळ दिसला. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून बाजूला ठेवला.

"डॉक्टरसाहेब, झाला."

"काय झाला?"

"वारा सरला. मघाशी. व्याहीबुवा, तुमची उसळ तुम्ही परत घ्या. ते माझं होतं."

 मग नागुबाई अशा हसल्या की बाटली खाटेवरून गडगडत गेली. मलप्पा भिंतीला टेकून हसायला लागले. सिंधुबाईंना हसू आवरेना आणि टाके तर ओढत होते. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी पोटावर उशी दाबून धरली आणि "अय्यो, हसवू नका हो" म्हणत हसतच राहिल्या.

"अहो, मग घेतलंच कशाला अंगावर?" डॉक्टरांनी गुरुबसप्पांना विचारलं.

"पोरीचा बाप हाय, साहेब," गुरुबसप्पा म्हणाले. "जे येईल ते अंगावर घ्यायचं, एवढंच ठाऊक."

डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "वाजतंय छान. आज चमच्याचमच्यानं पाणी, सोसलं तर चहा. उद्या पेज. असंच राहिलं तर शनिवारी सोडतो. पण साखरपुड्यात खुर्चीवरून उठायचं नाही, आणि इथून पुढं पोट दुखलं तर चोळायचं नाही."

रविवारी सिंधुबाईंनी खुर्चीत बसून, मांडीवर उशी घेऊन ऋतुजाची ओटी भरली. नारळ आधी ठेवला, मग बाकीचं. पंगतीत गुरुबसप्पा वाढायला फिरत होते. त्यांनी सिंधुबाईंच्या वाटीत चमचाभरच हुग्गी घातली, कारण डॉक्टरांनी तेवढीच सांगितली होती.

"आणि उसळ?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आज केलीच न्हाई, अक्का," ते हळूच म्हणाले. "आज पाहुणे लई हायेत. कुणाकुणाचं अंगावर घेऊ?"