शंभर टक्के निकाल

मच्छिंद्र सर घरी आले तेव्हा कडूबाईनं शेजारणीकडून साखर मागून आणली. गणिताचे सर स्वतःच्या पायानं वस्तीवर यावेत, ही काय साधी गोष्ट! सरांनी बशीत ओतून चहा घेतला, तिच्या लेकीच्या, पंकजाच्या अक्षराचं कौतुक केलं आणि पिशवीतून दोन कागद काढले.

"दहावीच्या परीक्षेचे फॉर्म आहेत मावशी. इथं तुमचा अंगठा, इथं पंकजाची सही."

कडूबाईनं अंगठा उठवला, पंकजानं सही केली. वाचून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. सरांच्या हातचा कागद वाचून बघणं म्हणजे देवाचा प्रसाद हुंगून बघण्यासारखंच की!

ते दिवस ऑगस्टचे. नववीचं अर्धं वर्ष ऊसतोडीच्या फडावर गेल्यानं बीजगणित पंकजाला डोक्यावरून जायचं. चाचणीत वीसपैकी तीन मिळाले होते. सह्या होऊन तीन दिवस झाले आणि वही परत मिळाली. सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'चिकाटी सोडू नको. नक्की पास होशील.' खाली तारीख.

त्या ओळीवर पोरगी अख्खं वर्ष जगली. कडूबाई त्या साली तिच्यासाठी गावातच राहिली आणि बाप, हनुमंत, एकटाच कारखान्यावर गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसली की माणसाला अर्धा कोयताच धरतात, मजुरीही अर्धीच. इकडे पंकजा एकेक गणित सात-सात वेळा सोडवी. शाळा एक दिवस बुडवली नाही. हजेरीत मात्र तिचं नाव येत नसे.

"तुझी मी ऑनलाइन भरतो," सर म्हणत. तिला ते पटे. सरांचं काय पटत नव्हतं तिला?

फेब्रुवारीत हॉलतिकिटं वाटली. एक्केचाळीस नावं पुकारली, तिचं नाही. "तुझं शेवगावच्या केंद्रावर मिळेल," सर घाईघाईनं म्हणाले आणि निघून गेले.

शेवगावच्या कारकुनानं कागद चाळले. "तू सतरा नंबरच्या फॉर्मनं बसलीयस पोरी. बाहेरून. शाळा सोडल्याचा दाखला ऑगस्टमध्येच काढलाय. हा अंगठा आईचाच ना?"

अंगठा आईचाच होता. शाळेचा निकाल आठ वर्षं शंभर टक्के लागत होता. तो तसाच राहावा म्हणून तांदळातले खडे निवडावेत तशी कच्ची पोरं पटावरून निवडून काढली होती. एसटीत बसल्यावर पंकजाला त्या लाल ओळीखालची तारीख आठवली. चिकाटी सोडू नको म्हणणाऱ्यानं तिचा नाद तीन दिवस आधीच सोडला होता.

ती रडली नाही. रडायला सवड कुठं होती, परीक्षा दहा दिवसांवर आलेली. कडूबाई मात्र अंगठा पदराला घाशीत राहिली. "माझ्याच हातानं घात झाला गं," एवढंच म्हणे.

निकाल लागला. पंकजाला अठ्ठ्याहत्तर टक्के. शाळेतला पहिला आलेला पोरगा शहात्तरवर. दुसऱ्याच दिवशी मच्छिंद्र सर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर! गरज पडली की वस्तीचा रस्ता बरोबर सापडतो.

"शाळेचं नाव काढलंस! फ्लेक्सवर तुझाच फोटो सगळ्यात वर लावायचाय."

पंकजानं वही आणली आणि लाल ओळीवर बोट ठेवलं. "सर, हे लिवलं तवा मी पास हुईन असं तुमाला वाटत हुतं का?"

"अगं, शाळेचा निकाल... वरून दबाव असतो..."

"व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

सर पुड्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिले. "नव्हतं वाटत," ते म्हणाले.

तेव्हा पंकजा रडली. सरांच्या समोरच हमसून हमसून रडली. सबंध हिवाळा कुणीतरी पाठीशी आहे असं धरून ती गणितं सोडवत होती आणि पाठीशी कुणीच नव्हतं.

कडूबाईनं पुडा सरांच्या पिशवीत परत ठेवला.

"फोटू न्हाई मिळायचा सर. ती तुमच्या शाळेत न्हाईच. माझा अंगठा हाय त्या कागदावर."