गाळलेले दोन शब्द

पुनर्वसन केंद्रातल्या वाचोपचारतज्ज्ञ मेरेडिथने टेबलावर आणखी एक चित्र सरकवलं. चिखलाने माखलेला कुत्रा, शेजारी पाण्याचा टब, आणि बाह्या वर सारून उभी असलेली एक बाई.

"सावकाश बघा, मिस मॅकिल्वेन. इथं काय करायला हवंय?"

ऑर्लीनने चित्राकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. उत्तर जिभेवर तयार होतं, आणि तीच अडचण होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर सुरुवातीला तिला शब्दच सापडत नव्हते. आता सापडत होते, पण जसे यायला हवेत तसे येत नव्हते. उजव्या हाताची बोटं अजून वळत नव्हती, म्हणून तिने डाव्या हाताने शालीचं टोक धरलं.

"द डॉग," ती म्हणाली, आणि थांबली. मग सुटलंच. "द डॉग नीड्स वॉश्ड."

मेरेडिथने मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

ऑर्लीनचे कान तापले. नीड्स टू बी वॉश्ड. ती चूक तिला स्वच्छ ऐकू येत होती, दुसऱ्या कुणी केल्यासारखी. पण ती तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकू येत होती, आधी नाही.

पश्चिम पेन्सिल्व्हेनियाच्या या कोळशाच्या डोंगरांत सगळेच असं बोलत. गाडी नीड्स वॉश्ड, बाळ नीड्स फेड, छप्पर नीड्स फिक्स्ड. बाहेरच्यांच्या कानाला ते खडा लागल्यासारखं वाटे. इथल्यांना त्यात काही चुकतंय हे सांगावं लागे. ते सांगण्याचं काम गावातल्या हायस्कुलात ऑर्लीन मॅकिल्वेनने सारी हयात केलं होतं. तिच्या वर्गात कुणी 'टू बी' गाळलं की त्याला उभं राहून पूर्ण वाक्य म्हणावं लागे, एकदा, दोनदा, तिचं समाधान होईपर्यंत. पोरं पाठीमागे तिला 'मिस टूबी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

पोरांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मिस टूबी स्वतः खाणकामगारांच्या वस्तीत, एका भिंतीला दोन बिऱ्हाडं असलेल्या कंपनीच्या घरात वाढली होती. शिक्षकांच्या कॉलेजात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती प्राध्यापकांना म्हणाली होती, खिडकी नीड्स शट. वर्गात हशा पिकला. फिलाडेल्फियाहून आलेला एक मुलगा मागे वळून म्हणाला, "म्हण ना परत. अगदी तस्संच म्हण." ती म्हणाली नाही. त्यानंतर कधीच म्हणाली नव्हती. थेट या नोव्हेंबरपर्यंत.

दार ढकलून तिची धाकटी बहीण आत आली. ज्युवेल रोज दुपारी डोंगरापलीकडच्या त्याच जुन्या वस्तीतून स्वतः गाडी हाकत यायची. नवरा गेला, मुलं ओहायोत, पण तिचा घसा अजून बेकरीच्या काउंटरमागे असल्यासारखाच खणखणीत.

"अगं ऑर्ली, हे काय! ते केस बघ. नीड्स वॉश्ड अँड कोम्ड, लगेच! इथं कुणी हात लावत नाही वाटतं तुला?" तिने पिशवीतून पुडकं काढलं. "गॉब आणलेत, आपले चॉकलेट केकचे. मधली मलई जास्त घातलीय. आता डॉक्टरांना सांगू नकोस म्हणजे झालं."

मेरेडिथ हसली. वयाने तिशीच्या आतली, कनेक्टिकटहून येऊन महिनाच झालेला. "बरं झालं तुम्ही आलात. मला तुमच्याशी बोलायचंच होतं. त्यांची प्रगती चांगली आहे. पण वाक्यातले लहान शब्द गळतायत. घरी एकटं राहायचं म्हणजे फोनवर मदत मागता यायला हवी, औषधाचं नीट सांगता यायला हवं. वाक्यं अशी तुटत असतील तर आणखी काही आठवडे त्यांना इथंच ठेवावं असं मला वाटतं."

"कुठली तुटली? मला तर चांगली बोलताना दिसतीय."

"आत्ताचंच घ्या. कुत्र्याचं चित्र दाखवलं, तर म्हणाल्या, द डॉग नीड्स वॉश्ड."

ज्युवेल वाट बघत राहिली. "मग?"

"'टू बी' गळलं ना."

ज्युवेल आधी बहिणीकडे बघत राहिली, मग खो खो हसत सुटली. "अगं पोरी, ते काही गळलेलं नाही! आमची आई तसंच बोलायची, बाप तसंच बोलायचा. मी आत्ता आल्या आल्या काय म्हणाले? तुझ्या त्या मदतनीस पोरांनाही विचार. इथं सगळे असंच बोलतात."

मेरेडिथचा चेहरा जरा उतरला. "हो, इतरांच्या तोंडी ऐकलंय मी. पण या इंग्रजीच्या शिक्षिका. म्हणून मला वाटलं..." ती ऑर्लीनकडे वळली. "मिस मॅकिल्वेन, तुम्हीच सांगा. आधीपासून असं बोलायची सवय होती का तुम्हाला? तसं असेल तर प्रश्नच मिटला. मी पुढच्या सोमवारी तुम्हाला घरी सोडायला सांगते."

ज्युवेलने गॉबच्या पुडक्याची दोरी सोडवता सोडवता मान डोलावली. तिच्या लेखी विषय संपला होता.

ऑर्लीनला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. 'हो' एवढा एक शब्द म्हटला की तिथं जाता येणार होतं. पण मेरेडिथचा चेहरा तरुण, उत्सुक, सभ्य होता, आणि तिच्या नजरेत मिस मॅकिल्वेन ही आजारी पडलेली विदुषी होती. आजारी असण्यात कमीपणा नव्हता.

"नाही," ती म्हणाली. शब्द जड पडत होते. "कधीच नाही. हे... आजारामुळे. असं बोलणं... बिघडलेलं."

मेरेडिथने समजुतीने तिच्या हातावर हात ठेवला.

ज्युवेलची बोटं दोरीवर थांबली. तिने पुडकं उलगडलं नाही. ते तसंच टेबलाच्या कडेला ठेवलं, पर्स खांद्याला अडकवली. "रस्त्यात बर्फ लागेल," म्हणाली. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे शेजारच्या बाईबरोबर पाठवले. घडी नेहमीसारखीच नेटकी होती, फक्त सोबत निरोप नव्हता. ऑर्लीनने दोनदा फोन मागवून घेतला, आणि नंबर फिरवण्याआधीच परत दिला.

मेरेडिथ मात्र चिकाटीची होती. रोज चित्रं, रोज वाक्यं.

"द बेड नीड्स मेड."

"छान. दोन छोटे शब्द राहिले फक्त. पुन्हा म्हणू या?"

"द बेड नीड्स... टू बी... मेड."

"पुन्हा."

असंच एकदा मेरेडिथ 'पुन्हा' म्हणत असताना दारात रॉन पाल्को उभा होता. हा रॉन आता इथं मदतनीस होता, रुग्णांना चाकाच्या खुर्चीतून खोलीपासून जेवणघरापर्यंत न्यायचा. एके काळी तो ऑर्लीनच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे आणि तिने त्याला किती वेळा उभं केलं असेल ते तिलाही आठवत नव्हतं. तो हसेल असं तिला वाटलं. हसला असता तर बरं झालं असतं. पण न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तशी त्याने झटकन नजर खाली नेली, आणि खुर्चीच्या चाकात काहीतरी अडकल्यासारखं करत ऑर्लीनचं वाक्य पुरं होईपर्यंत तिथंच वाकून राहिला. मग त्याने तिला जेवणघरात नेलं. टेबलापाशी खुर्ची लावून तो म्हणाला, "सूप गरम आहे मॅडम, जपून," आणि गेला. ऑर्लीनने सूपला हात लावला नाही.

ख्रिसमसच्या अलीकडे तिची वाक्यं बिनचूक झाली. मेरेडिथने टाळी वाजवली, घट्ट मिठी मारली.

न्यायला ज्युवेल आली. गाडीत तिने हीटर ऑर्लीनच्या पायांकडे वळवला, पट्टा लावून दिला, रस्ताभर आडव्या येणाऱ्या हरणांवर नजर ठेवून गाडी हाकली. काही विचारलं की उत्तर देई, तेवढंच. घरी पोचल्यावर कुलूप तिनेच काढलं, तळघरातली घर तापवायची भट्टी पेटवली, पडदे सारले. कोट मात्र अंगातच होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

स्वयंपाकघरात उभी राहून तिने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली,

"द फ्लोअर नीड्स टू बी स्वेप्ट."

हळू, एकेक शब्द तपासून, पाहुण्यांसमोर ठेवायच्या बशीसारखा. 'टू बी'वर किंचित थांबून. इतक्या वर्षांत ज्युवेल तिच्याशी असं कधी बोलली नव्हती. ना लग्नात, ना आईच्या मयतीला, सगळं गाव जमलेलं असतानाही नाही. ऑर्लीन खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं, उठून या बाईला विचारावं, आपण कोण. मग तिला कळलं, हेच ज्युवेल आपल्याला विचारते आहे.

"आणि मी शुक्रवारी येऊन जाईन," ज्युवेल म्हणाली. "फोन जवळ ठेव. काही लागलं तर शेजारच्यांना सांग."

तिने किल्ल्या उचलल्या.

"ज्युवेल."

"काय?"

ऑर्लीनच्या डोक्यात वाक्य पूर्ण तयार होतं, एकही शब्द न गळता. मेरेडिथने काम चोख केलं होतं. आता गाळायचं तर मुद्दाम गाळावं लागणार होतं. तिने चुलीकडे बोट दाखवलं.

"द केटल," ती म्हणाली, "नीड्स फिल्ड."

ज्युवेल जागची हलली नाही. किल्ल्या मुठीत तशाच. बहिणीच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत राहिली, डॉक्टर बघतात तशी.

"हे अजून आजारामुळेच का?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ऑर्लीनला मान वर करवेना. टेबलावरच्या मेणकापडाची फुलं तिला धुरकट दिसत होती.

"नाही," ती म्हणाली.

भट्टी खाली घरघरत होती. थोड्या वेळाने नळ सुटल्याचा आवाज आला, मग केटलचं झाकण. ऑर्लीनने डोळे वर केले तेव्हा ज्युवेल तिच्याकडे पाठ करून उभी होती, आणि कोटाचं वरचं बटण काढत होती.