पिंपातला ऑस्ट्रेलिया

"बाई, तीन-तीन तास समुद्रात तोंड खाली घालून तरंगताना शू लागली तर काय करायचं?"

प्रश्न लता आणि शकुचा, तोंड मात्र जानकीचं. मधल्या सुट्टीत दोघींनी पैज लावली होती की हे विचारायची जानकीची हिंमत नाही. वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळाल्यापासून जानकीला कोणी असं म्हटलं की तिच्या अंगातच यायचं. आधीची आठ वर्षं तिने शेवटच्या बाकावर दप्तराआड लपून काढली होती. त्याची सगळी कसर ती या नववीच्या वर्षात भरून काढत होती, आणि त्याचा त्रास सगळ्यांना होत होता.

भांडुपच्या त्यांच्या शाळेचं सभागृह काळे पडदे लावून अंधारं केलं होतं. भूगोलाच्या मृणालिनीबाई स्लाइड्स दाखवत होत्या. दिवाळीत बाई ऑस्ट्रेलियात पर्थला भावाकडे गेल्या होत्या आणि तिथून दोन दिवस गाडी हाकत अशा किनाऱ्यावर पोचल्या होत्या, जिथे दुकान एक आणि कांगारू पन्नास. कायम कडक इस्त्रीच्या साडीत दिसणाऱ्या बाई पडद्यावर काळ्या रबरी पोशाखात, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन पाण्यावर पालथ्या पडल्या होत्या. पुढच्या स्लाइडमध्ये प्रवाळ, त्याच्या पुढच्यात परातीएवढं कासव.

"समुद्रातच करायची," बाई शांतपणे म्हणाल्या. "कासवंही तेच करतात."

सभागृह हसून हसून लोळलं. पैज जिंकली होती. शहाणी मुलगी इथे खाली बसली असती.

"प्रवाळ आपल्या मालवणलाही आहे," बाई पुढे म्हणाल्या. "मे महिन्यात मी जाणार आहे. माझ्याकडे चष्मे दोन आहेत, म्हणजे एका मुलीला नेता येईल. पण पोहणारी हवी. कोणाला येतं?"

जानकी उभीच होती. "मला येतं बाई. आम्ही मालवणचेच."

यात आपण खोटं बोललो असं तिला मुळीच वाटलं नाही. त्यांच्या घरात पोहणं हे आडनावासारखं होतं, जन्मतःच मिळायचं. तिचे बाबा, लवू, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. दर रविवारी बांगड्याचं तिखलं ओरपता ओरपता ते सांगायचे, "आमका पोहूक कोणी शिकवूक नाय. पाण्यात पडला काय आपसूक येता." जानकी अजून पाण्यात पडली नव्हती, एवढंच काय ते बाकी होतं.

बाईंनी चष्मा आणि नळी तिच्या हातात दिली. "विक्रोळीला माझ्या बहिणीच्या कॉलनीत पोहण्याचा तलाव आहे. शनिवारी ये, तिथे बघू. तोवर याची सवय कर."

सवय करायला चाळीत पाणी एकच, स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी पहाटे भरून ठेवलेलं पिंप. दुसऱ्या दिवशी आई दूध आणायला गेल्याबरोबर जानकीने चष्मा चढवला, नळी दातांत धरली आणि पिंपात मुंडी घातली. झकास श्वास चालला होता. तळाला थोडा गाळ होता आणि कधीचा बुडालेला एक चमचा. चमच्याला तिने कासव ठरवलं. कासव हलेना, तर ते झोपलंय असंही ठरवलं.

पाठीत धपाटा बसला तेव्हा ऑस्ट्रेलिया संपला.

"ह्या काय गो? पिंपभर पाणी उष्टा केलंस?"

"आई, उष्टं कसं? नळी बाहेर होती."

"आणि थोबाड खय होता?"

ते पाणी कपड्यांना गेलं. शेजारच्या मालनमावशींकडून दोन हंडे मागून आणावे लागले, आणि का मागितले ते अख्ख्या मजल्याला कळलं. जानकीला त्याचं काही नव्हतं. दहा मिनिटं आपण पाण्याखाली होतो, या आनंदात ती होती. त्या दहा मिनिटांत पाण्यात फक्त डोकं होतं, पाय घट्ट मोरीच्या फरशीवर होते, हा तपशील तिने विचारात घेतला नाही.

शनिवारी तलावावर लता आणि शकु बघायला आल्या. बाई पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथून उतर, उथळ आहे." उथळ भागात चार-पाच वर्षांची पोरं रबरी ट्यूब घालून खिदळत होती. ढाल मिळवलेल्या मुलीने त्यांच्यात उतरायचं? जानकी सरळ दुसऱ्या, खोल टोकाला गेली, चष्मा-नळी चढवली, मैत्रिणींना हात केला आणि उडी मारली.

आपसूक काहीही आलं नाही. ती खाली गेली आणि खालीच जात राहिली. नळी श्वासासाठीच असते, म्हणून तिने नळीतून जोरात श्वास घेतला, तर अर्धा तलाव आत आला. वॉचमनने लांब बांबू खाली सोडला, त्याला लटकून जानकी गळाला लागलेल्या सुरमईसारखी वर आली. चष्मा तळाशी राहिला. सहा वर्षांच्या एका मुलीने सूर मारून तो वर आणला आणि "ताई, हा तुमचा का?" असं अदबीने विचारलं. लता-शकु हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

खोकला थांबल्यावर बाईंनी विचारलं, "पोहता येतं असं का म्हणालीस?"

"मला खरंच वाटलं होतं, येत असेल."

बाईंनी चष्मा टॉवेलने पुसला. "मे महिन्याला अजून तीन महिने आहेत. नेणार ती पोहणाऱ्या मुलीलाच. कॉलनीबाहेरच्यांसाठी इथे रविवारी सकाळी शिकवतात. उथळ बाजूला."

घरी आली तर बाबा चहा घेत होते. "काय गो, दाखवलंस त्यांका मालवणी हिसको?"

तिने सगळं सांगितलं, बांबूसकट. मग विचारलं, "बाबा, तुम्ही कुठल्या पाण्यात पडला होतात?"

बाबांनी बशी खाली ठेवली. आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "सांगा आता."

"आमचो गाव समुद्रापासून सहा कोस," बाबा बशीकडे बघत म्हणाले. "विहीर होती. पण माझी आवस जवळ जाऊक देय नाय."

"म्हणजे तुम्हाला येतच नाही?"

"पडाक वेळच गावलो नाय गो."

जानकी सवयीने वक्तृत्वाच्या पवित्र्यात उभी राहिली, मग तशीच खाली बसली.

"मी उद्यापासून तलावावर शिकायला जाणार आहे," तिने दोघांना सांगितलं. "त्या बारक्या पोरांत, कंबरभर पाण्यात, ट्यूब घालून. लता-शकु बघायला येतील, येऊ देत. आणि बाबा, चाळीत कोणी विचारलं तर बाकी काही सांगायचं नाही. जानकीला पोहता येत नाही, म्हणून शिकतेय, एवढंच सांगायचं."