शाळेला दिलेला कडू घास

मी एक जुना टोप आहे. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, काठाला पोचे पडलेला, पण पन्नास मुलांची खिचडी एका दमात शिजवणारा. पोचे बघून हसू नका, मित्रांनो. म्हातारपण तुम्हालाही चुकलेलं नाही.

लालबागच्या एका दुकानात मी मोठ्या ऐटीत उपडा बसलो होतो. डिलाईल रोडच्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक तात्या आले, त्यांनी मला टिचकी मारून पाहिलं आणि उचललं. तेव्हापासून मी राधाबाईच्या हाती आहे. हल्ली पुष्कळ शाळांत जेवण बाहेरून शिजून येतं. आमच्या इवल्याशा शाळेत मात्र राधाबाईच शिजवते. मला मोडीत काढायची भाषा चारदा झाली. "आधी मला काढा," असं ती म्हणाली, की सगळे गप्प!

दोन महिन्यांपूर्वी सहलीची बस घाटात उलटली. सातवीतली दोन मुलं परत आली नाहीत. एक सम्यक. दुसरी मनू, राधाबाईची नात.

शाळा पुन्हा उघडली, पण शेगडी पेटली नाही. राधाबाई रोज यायची, मला घासायची, पुसायची आणि शेगडीकडे पाठ करून बसायची. तिला कामाला लाग म्हणायचा धीर कुणाला होईना. मुलं घरून डबे आणायची आणि तसेच परत न्यायची. राधाबाई तर घरीही धड जेवत नव्हती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. ही बाई अशीच झिजून जाणार, या भीतीने मला काही सुचत नव्हतं.

मग एके दिवशी मुलांना धीर द्यायला आकांक्षा आली. टीव्हीवर रोज संध्याकाळी दिसणारी नटी, समोरच्याच चाळीत वाढलेली. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसती फळ्यांची भिंत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. कागदात बघून ती म्हणत होती, "बाळांनो, काळ हे मोठं औषध असतं..." तेवढ्यात मनूची मैत्रीण अक्षता बोलली, "ताई, आमचं राहू दे. मनूची आजी जेवत नाही. तिला सांगा ना."

आकांक्षा तडक आत आली. मागोमाग आलेल्या कॅमेरावाल्याला तिने बाहेर काढलं आणि राधाबाईसमोर जमिनीवर बसली.

"आजी, शाळेला कडू घास कोणी दिला?"

"शाळेला कसला गं? ज्या घरातलं माणूस जातं, तिथे शेजारणी जेवण करून आणतात, पहिला घास भरवतात. मला दिला चाळीतल्या बायकांनी."

"आणि ह्या पोरांना? ह्यांच्याही घरातली दोघं गेली की! तुम्ही शेगडी पेटवाल म्हणून वाट बघत बसलेत सगळे. अहो, दुःखातल्या घराने शिजवायचं नसतं. आम्ही यायला हवं होतं. चुकलंच आमचं."

तिने ओढणी कमरेला बांधली. समोरच्या चाळीत निरोप गेला आणि तासाभरात बायका भाकऱ्या घेऊन हजर झाल्या. पिठलं मात्र आकांक्षाने माझ्यात केलं. काय सांगू! दहा वर्षं टीव्हीवर सून होऊन स्वयंपाक केला, तो सगळा खोटा. पिठल्याच्या गुठळ्या झाल्या, माझं बूड करपलं, धुराने सगळ्यांना ठसका लागला. दारातली पोरं महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

आकांक्षाने घास पुढे केला. राधाबाईने तोंड फिरवलं.

"मीच पाठवलं तिला," ती म्हणाली. "नको म्हणत होती गं. जा, मजा कर, म्हटलं. मीच."

आकांक्षाचे डोळे भरले. "आजी, माझ्याकडे एवढाच घास आहे."

हात तसाच पुढे राहिला. तिचा फोन चारदा वाजला, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी राधाबाईने घास घेतला आणि हंबरडा फोडला. इतक्या दिवसांत ती रडलीच नव्हती. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "मीठ कुठंय ह्यात?" मग उठून तिनेच मीठ घातलं. पुढचा घास तिने अक्षताला भरवला, मग एकेका पोराला.

आता रोज खिचडी होते. ढवळता ढवळता कधी तिचा हात थांबतो. मी आपला रटरटत राहतो.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना मोडीत घालू नका, एवढंच मी सांगणार होतो. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणाचं माणूस गेलं, तर काय बोलावं सुचत नाही म्हणून दारातून मागे फिरू नका. करपलेलं का होईना, काहीतरी करून न्या. आणि ते खाईपर्यंत तिथेच बसा.