डावा आरसा

दोन जावांनी मिळून बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा आधी स्कूल बंद पडेल की घर फुटेल यावर शेजाऱ्यांनी पैजा लावल्या होत्या. दोन्ही झालं नाही. लाल गाडी एकच. सकाळी थोरलीकडे, दुपारी धाकटीकडे. "नवऱ्यांशी जमलं नाही इतकं आमचं एकमेकींशी जमतं," असं थोरली चारचौघांत सांगायची आणि धाकटी "ताई, हळू बोला!" म्हणत हसून लोळायची.

गाडीची डागडुजी थोरलीच करायची. उन्हात पत्रा कसाबसा तग धरतो, पण प्लास्टिकवरचा रंग आधी मान टाकतो. आरशांची कव्हरं पांढुरकी पडली, वरचं पारदर्शक लॅकर उन्हानं भाजलेल्या कातडीसारखं सुटायला लागलं, तेव्हा पेंटरकडे न जाता तिनं स्वतःच हात घातला. सुटलेलं सगळं पॉलिश पेपरनं पाण्याखाली घासून काढलं, साबणानं तेलकटपणा घालवला, प्लास्टिकचा प्रायमर मारला, मग लाल रंगाचे पातळ पातळ हात आणि शेवटी लॅकर. दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी ठेवून वाळवली. न्हाऊमाखू घातलेल्या पोरांसारखी दिसत होती.

उजवं तसंच चकचकीत राहिलं. डावं पुढच्या उन्हाळ्यातच गुलाबी पडून सोलायला लागलं.

"प्रायमर कमी पडला असेल, ताई," धाकटी शेजारी उभी राहून म्हणाली. "डावं घाईत झालं असेल तुमच्याकडून."

झालं असेल. थोरलीनं डावं पुन्हा केलं, अगदी जिवाचा आटापिटा करून. तेही गेलं. मग ती तणतणत रंगाच्या दुकानात गेली. "खराब डबा गळ्यात मारलात!"

"बाई, त्याच डब्यातलं उजवं टिकलं ना?" दुकानदार शांतपणे म्हणाला.

म्हणजे हातच खराब. ती एवढंसं तोंड करून घरी आली. धाकटीनं चहा पुढे केला. "असू द्या हो. वयानं हात पूर्वीसारखा नाही राहत."

तिसऱ्यांदा घासायला बसली, तेव्हा तिची नजर डाव्या दारावरच्या स्टिकरवर गेली. स्कूलचं नाव वाचता येत नव्हतं इतकं विटलं होतं. ती उठून पलीकडे गेली. उजव्या दारावर तेच नाव ठसठशीत. दोन्ही स्टिकर एकदमच छापून आणलेले, आणि स्टिकर काही तिनं रंगवले नव्हते.

आधी तिला नुसता आनंद झाला. हात चांगला होता! मग जरा वेळानं तिनं दोन्ही दारं पुन्हा निरखली. गाडीच्या एकाच अंगाला रोज ऊन लागत होतं. पण धाकटीच्या सांगण्याप्रमाणे दुपारी गाडी तर तिच्या आईच्या शेडमध्ये, सावलीत उभी असायची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून धाकटीनं दुपारच्या शिकवण्या कमी केल्या होत्या आणि तेवढ्या थोरलीनं, तोंडातून ब्र न काढता, सकाळी वाढवून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या घरी गेली. आई स्टुलावर चढून पंखा पुसत होती.

"अगंबाई, तुम्ही! ती मैदानावर असेल ना, मागच्या गल्लीत. नवीन स्कूलमध्ये. तुमचाही वाटा आहे ना त्यात?"

"असेल," थोरली म्हणाली. "सावकाश उतरा हं."

मैदानावर नवी पांढरी गाडी गोल गोल फिरत होती. बोर्डावर एकट्या धाकटीचं नाव. लाल गाडी कडेला, डावी कूस पश्चिमेच्या उन्हाकडे करून, रोजच्या जागी असावी तशी उभी होती.

धाकटी पांढऱ्या गाडीतून उतरली आणि जागीच थबकली. "ताई..."

"आई ठणठणीत आहेत. पंखा पुसतायत."

"सांगणारच होते. भावजींना कधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तिला मी सांगतो, वेळ बघून."

रोज समोर बसून जेवणारा तिचा नवरा. त्याला अजून वेळ दिसली नव्हती.

"काढायचं होतं तर काढायचं होतंस. मी आडवी आले असते का?"

"आला असतात."

"आले असते," थोरलीनं कबूल केलं. "भांडले असते, रडले असते, आणि मग तुझा बोर्ड मीच रंगवून दिला असता. पण प्रायमर कमी पडला असं का म्हणालीस?"

"काहीतरी म्हणायला हवं होतं ना."

"मी स्वतःच्या हाताला नावं ठेवत बसले होते गं. आणि तू चहा देत होतीस."

थोरलीनं हात पुढे केला. धाकटीनं लाल गाडीची किल्ली दिली.

"बस. जायचं एकाच घरी आहे."

थोरली चालवत होती, धाकटी शिकवणाऱ्याच्या जागेवर, जिथं पायाशी दुसरा ब्रेक असतो. चौकात ट्रक आडवा आला आणि थोरलीच्या आधी धाकटीनंच ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन थांबली. मागून हॉर्नचा गलका झाला.

"मला दिसला होता तो," थोरली म्हणाली.

"सवयीनं झालं, ताई."

"पाय वर घे."

धाकटीनं चपला काढल्या, पाय उचलून सीटवर मांडी घातली, आणि घर येईपर्यंत ते खाली ठेवायची तिची छाती झाली नाही.