आरशावरचा डाग

त्या घरात सकाळ व्हायची ती एका आवाजाने. न्हाणीघराच्या बंद दाराआडून ‘फुस्स’ असं ऐकू आलं की नवऱ्याच्या जिवात जीव यायचा आणि सासू चहाचं आधण ठेवायची. सुनेने दम्याचा रोजचा पंप घेतला, आता दिवस सुरळीत जाणार. पंपानंतर भरायची असते ती चूळही सून खळखळून भरायची आणि तोंड पुसत बाहेर यायची. नाटकच करायचं तर अर्धवट कशाला?

कारण पंप ती घेतच नव्हती. आरशासमोर उभी राहून नुसता हवेत दाबत होती.

तिला सातवा महिना लागला होता. याआधी एकदा दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. तेव्हा ती पंप अगदी नेमाने घेत असे. असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नसतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण तिचं मन दोष शोधायला हट्टालाच पेटलं, आणि त्याला सापडला तो बिचारा पंप. या खेपेला विषाची परीक्षा नको, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. विचारलं कुणालाच नाही, कारण विचारलं असतं तर लोकांनी समजावलं असतं.

सोफे दुरुस्तीचं दुकान खाली, घर वर. नवरा जुने सोफे उसवायचा, ती त्यांची कव्हरं शिवायची. धूळ नको म्हणून नवऱ्याने तिचं मशीन वर आणून ठेवलं, तरी छाती भरून यायची ती यायचीच. मग ती दुसरा, निळा पंप काढायची. धाप लागल्यावर तेवढ्यापुरता आराम देणारा तो. त्याच्यावाचून तर निभावच नव्हता. घेताना ती पोटावर हात ठेवून मनातल्या मनात बाळाची माफी मागायची. पूर्वी क्वचित लागणारा तो पंप आता दिवसातून कितीदा तरी लागे. पोटातलं पोर जरा वेळ हललं नाही की ती मशीन थांबवून त्याच्या हालचालीची वाट पाहत बसायची. घेतला तरी भीती, नाही घेतला तरी भीती, आणि सांगायची सोय नाही.

सासूचा वैताग वेगळाच होता. न्हाणीघरातला आरसा ती रोज लख्ख पुसायची आणि रोज त्यावर पांढुरका डाग हजर असायचा. तिने त्याचं खापर मुलावर फोडलं. दात घासतोस की भिंत रंगवतोस, असं ती त्याला रोज ऐकवी. तो निमूटपणे हातभर मागे सरून दात घासू लागला, तरी डाग काही हटेना.

एका दुपारी जिना चढताना सून मध्येच थांबली. कठडा धरून उभी राहिली, हाक मारायला गेली तर तोंडातून शब्दच फुटेना. निळ्या पंपानेही म्हणावा तसा आराम पडला नाही. नवरा हातातली कात्री टाकून धावला, सासू दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघाली, आणि तिघं दवाखान्यात पोचली.

तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिल्यावर तिचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. बाळाचे ठोके ठीक होते, निदान आज तरी. डॉक्टरबाईंनी विचारलं, रोजचा पंप चालू आहे ना? नवरा छातीठोकपणे म्हणाला की एक दिवस चुकत नाही, मी स्वतः ऐकतो. मग हा पंप पुरत नाही, असा बाईंचा हिशोब. आता पोटात घ्यायच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. ते औषध अंगभर फिरतं, पण इलाज नाही. त्याआधी पंप कसा घेता ते दाखवा, म्हणत त्यांनी नवा पंप हलवला आणि एकदा हवेत दाबून पाहिला.

फवारा टेबलाच्या काचेवर बसला. पांढुरका डाग. सासूचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

सुनेने पंप ओठांशी धरला. बोट काही दाबेना.

“आरसा रोज मी पुसते,” सासू हळूच म्हणाली. “तू घेत नाहीस ना गं?”

नवरा वेड्यासारखा दोघींकडे पाहत राहिला. सुनेच्या डोळ्यांना धार लागली. “मागच्या वेळी घेत होते, आई,” ती म्हणाली. “आणि गेलं.”

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “ते यामुळे गेलं नाही. याचं औषध छातीतच राहतं, बाळापर्यंत जेमतेम पोचतं. तुमचा श्वास कमी पडला तर तो मात्र त्यालाही कमी पडतो.”

गोळ्या तूर्त टळल्या. पण पुन्हा धाप लागली तर वाट न पाहता यायचं, असं बाईंनी तिघांनाही बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार उघडंच होतं. नवरा दारात, त्याच्यामागे सासू फडकं घेऊन. सुनेने पंप हलवला, ओठांशी नेला आणि थांबली. भीती काही एका दिवसात जात नाही. तिने डोळे मिटले, पंप दाबला, औषध आत ओढलं आणि श्वास रोखून धरला. मागच्या दोघांनीही नकळत रोखला.

मग तिने श्वास सोडला. आरशावर वाफेचा गोल उमटला. सासूने पुसला नाही.