तपकिरी बाटलीतले अकरा दाणे

मित्रांनो, सोमवारी सकाळी माझ्या पोटात नेमके काय होते ते आधी सांगते. वाळलेले समुद्री काजवे एकशे सदतीस. त्यांतले अख्खे एकशे तेरा, फुटलेले चोवीस. ओल शोषून घेणारे मणी तीस. तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेली बारीक काचनळी एक, आणि त्या नळीत आणखी अकरा काजवे. ही मोजणी प्रज्ञामॅडमनी केली. एकेक दाणा चिमट्याने पांढऱ्या कागदावर सरकवत, दोनदा. मणी निळे असायला हवे होते. ते गुलाबी होते. 

मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. संगमनेरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, तिसऱ्या फळीवर राहते. भट्टीतून निघाले तेव्हा मी औषधी गोळ्यांसाठी होते. आतल्या वस्तूला उजेड लागू नये म्हणून मला हा रंग दिला होता. गोळ्या संपल्या आणि मी सुहास सरांच्या हाती आले. बावीस वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत त्यांना दूरदेशीच्या किनाऱ्यावरचे हे तिळाएवढे जीव भेट मिळाले होते. शिंपल्यासारख्या दोन झाकणांत राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा प्राणी. तो वाळून कित्येक वर्षे झाली, तरी त्याला चुरडून पाण्याचा थेंब दिला की निळा उजेड पडतो. फक्त एकदा. एकदा भिजलेला दाणा पुन्हा कधी उजळत नाही.

म्हणून सर मला जपत. वर्षातून एकदा अंधाऱ्या खोलीत पाच दाणे तळहातावर घेत, पाण्याने चोळत, आणि मुलांचे चेहरे निळे होत. दर उन्हाळ्यात ते मणी तापवून पुन्हा कोरडे करत. मणी निळे म्हणजे मी कोरडी, गुलाबी म्हणजे ओल शिरली. पहिल्याच वर्षी त्यांनी थोडे दाणे नळीत बंद करून माझ्यातच ठेवले होते. त्या खोलीत शेवटच्या बाकावर एकदा प्रज्ञा नावाची विद्यार्थिनी होती. पुढे तिने प्राणिशास्त्रच घेतले.

सहा वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. त्यानंतर प्रयोगासाठी मला कोणी उघडले नाही. मणी कोणी तापवले नाहीत. माझ्यावरची चिठ्ठी पिवळी पडून गळून गेली, आणि ती गेल्यावर मी कोण आहे हे बघणाऱ्याला कळेनासे झाले.

मागच्या वर्षी प्रज्ञामॅडम तासिका तत्त्वावर शिकवायला आल्या आणि त्यांनी मला ओळखले. त्यांनी राजूरकडच्या एका शाळेच्या बेचाळीस मुलींना यंदा, त्या सोमवारनंतरच्या गुरुवारी, बोलावले. खोल समुद्रातला उजेड दाखवीन, असा शब्द दिला. विभागप्रमुख नीलांबरी मॅडमनी मात्र अट घातली. माझे कपाट असलेली संग्रहालयाची खोली रिकामी करायची होती आणि शनिवारी भंगारवाला येणार होता. बाटली उजेड देत असेल तर राहील, नाहीतर तीही जाईल, असे त्यांनी सरळ सांगितले.

मित्रांनो, त्या सोमवारी माझी काच थंड पडली होती. मला एक गोष्ट माहीत होती आणि ती सांगायला मला वाचा नव्हती.

मॅडमनी प्रथम नोटा तपासायची जांभळी बॅटरी कागदावरच्या दाण्यांवर धरली. दाणे फिकट पिवळे चमकले. दारातून बघणारे शिपाई बन्सीकाका खूश झाले. मॅडम झाल्या नाहीत. ही प्रतिदीप्ती, बाहेरचा उजेड घेऊन परत दिलेला, असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. तसा तर मेलेला विंचूही चमकतो. आपल्याला हवी ती जीवदीप्ती, प्राण्याच्या आतल्या रसायनातून निघणारा त्याचा स्वतःचा उजेड.

मंगळवारी त्यांनी खोली बंद करून पाच सुटे दाणे चुरडले. थेंब टाकला. अंधारच राहिला. आणखी पाच. अंधार. त्यांनी दिवा लावला तेव्हा बन्सीकाका तिथेच उभे होते. काका पन्नाशीचे. वीस वर्षे दूध संघात कॅन धुवून इथे शिपाई म्हणून आलेले.

"म्याडम, रागावू नका," ते म्हणाले. "दिवाळीत कपाट साफ केलं तवा ह्या बाटलीत तळाला कचरा दिसला. मी पानी घालून खळबळली."

"सगळे दाणे भिजले?"

"व्हय. तरंगाया लागलं तवा वाटलं, कायतरी चुकलं. मंग फडक्यातनं गाळलं, उन्हात वाळवलं, मन्यांसकट परत भरलं. संघात कॅन वला ठिवला तर आख्खं दूध जातं. हाताला सवय लागलीय."

"तेव्हा उजेड नाही दिसला?"

"दुपारचं दोन वाजलं हुतं म्याडम. उन्हात काय दिसतंय?"

मी पाहिला होता. एकशे सदतीस जणांचा उजेड एकदम पेटला, माझ्या आतल्या भिंतींवर फिरला आणि विझला. खिडकीतून ऊन येत होते. बघणारी मी एकटीच होते.

मॅडमनी नळी उचलली आणि ही उघडली होती का, एवढेच विचारले.

"ती? लई वढली, पन निघंना. तोंडच न्हाई तिला."

मॅडम हसल्या. मग त्यांनी नळी उजेडाकडे धरली. नळीत अकराच दाणे, तेही बावीस वर्षे बंद, कधी न तपासलेले. आधी दोन भिजवून बघा, असे काकांनी सुचवले. मॅडमनी मान हलवली. "आधी खात्री करून उजेड दाखवला तर तो खेळ झाला, काका. मुली प्रयोग बघायला येतायत." त्यांनी माझ्यातले सुटे दाणे काढून टाकले, मणी तापवले आणि नळी तशीच परत ठेवली. दोन रात्री मी ते अकरा जण पोटाशी धरून बसले.

गुरुवारी मुली आल्या. खिडक्यांना काळा कागद, दाराला बन्सीकाका. नीलांबरी मॅडम मागे उभ्या राहिल्या. प्रज्ञामॅडमनी मुलींना सांगितले की कळसूबाई उलटी करून समुद्रात बुडवली, तर तिच्या टोकाशी सूर्याचा एक किरणही पोचणार नाही. तिथे बहुतेक प्राणी स्वतःचाच उजेड बनवतात. कोणी भक्ष्याला बोलावायला, कोणी शत्रूला चकवायला. हे तिळाएवढे जीव उथळ वाळूतले; पण त्यांचे भाऊबंद त्या खोल पाण्यातही राहतात.

"आमच्याकडं जूनच्या आदी झाडंच्या झाडं चमकत्यात काजव्यांनी," पूजा नावाची मुलगी म्हणाली. मग तिने विचारले, "पन मॅडम, आज उजेड न्हाई पडला तर?"

"तर वहीत लिहायचं, नाही पडला."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू कपाटात असतील, तर पुसण्याआधी विचारा. चिठ्ठी गळाली असेल तर नवी चिकटवा. आम्हाला सांगता येत नाही. आत काय आहे आणि ते कशाने संपते, हे तुमच्यापैकी कोणीतरी लिहून ठेवायला हवे.

मॅडमनी नळी कापली. सहा दाणे तळहातावर घेतले, पाच माझ्यात टाकून बूच घट्ट लावले. पूजाच्या हाती वेळ मोजायचे घड्याळ दिले. बन्सीकाकांनी दिवा मालवला.

त्या दिवशीची नोंद मॅडमच्या वहीत आहे, आणि तिची नक्कल माझ्या नव्या चिठ्ठीवर:

कोरडे दाणे सहा. पाणी तीन थेंब. खोलीचे तापमान सव्वीस अंश. उजेड निळा, सदतीस सेकंद. शिल्लक दाणे पाच.